साहेबांचा सूर माझ्या तोंडी

ताई,

मी एका कार्यालयात मधल्या फळीत काम करतो. बरीच वर्षं एकाच वरिष्ठांच्या हाताखाली आहे. माणूस कामाला पक्का, अभ्यास दांडगा. पण बोलणं असं, की समोरचा जागीच खचावा. कुणी काही मांडताना जरा चाचपडलं, की ते हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवतात, क्षणभर थांबतात आणि खालच्या पट्टीत, जवळजवळ हसत विचारतात, ‘मुद्दा काय?’ नवा होतो तेव्हा या दोन शब्दांची मला धडकी भरायची. मित्रांत बसलो की मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. आपण असं कधी व्हायचं नाही, हे मी स्वतःला कितीदा बजावलं असेल!

मध्यंतरी धाकट्या भावाचा फोन आला. त्याची नोकरी गेली होती. तो अडखळत काहीबाही सांगत होता आणि मी म्हणालो, ‘बरं, मुद्दा काय?’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘दादा, तू असा नव्हतास,’ आणि त्यानं फोन ठेवला.

सूर त्यांचा होता हे मला लगेच कळलं. पण भीती त्याची नाही. तो बोलत असताना माझ्या मनात खरोखरच ‘हा किती वेळ घेतोय’ एवढंच चाललं होतं. म्हणजे नजरही त्यांचीच आली की काय? ज्या माणसाचा मला राग येतो, त्याच्यासारखा मी कसा झालो? माझ्यात माझं असं काही उरलंय का? नोकरी सोडली तर हे जाईल का?

– एक वाचक

भावाला अजून परत फोन केला नसेल, तर वाचन इथेच थांबवा आणि आधी तो करा. खुलासे देऊ नका, साहेबांचा विषयही काढू नका. ‘त्या दिवशी मी नीट ऐकलं नाही, आता सांग’ एवढं पुरे. नोकरी गेलेल्या माणसाला तुमचं आत्मपरीक्षण पुरं होईपर्यंत ताटकळत ठेवू नये.

केलात? मग बोलू.

तुमच्या प्रश्नांतला मला सगळ्यांत आवडलेला प्रश्न रागाचा आहे. ज्याचा राग येतो, त्याच्यासारखे आपण कसे होतो? आपण सगळे मनात असं धरून चालतो, की माणूस ज्याला मानतो त्याचंच घेतो. आदर असेल तर उचलायचं, तिटकारा असेल तर दूर राहायचं. प्रत्यक्षात आवडीचा वाटा असतो, नाही असं नाही. पण त्याहून मोठं काम करतं ते लक्ष. आपण ज्याच्याकडे टक लावून बघतो, त्याचं आपल्यात येतं. आता सांगा, इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांत बारकाईनं कुणाकडे बघत आलात? त्या पेनाचं टेबलावर आडवं होणं, तो क्षणभराचा थांबा, ती खालची पट्टी, ते अर्धवट हसू. तुमच्या पत्रात हे सगळं इतकं तपशिलात आहे, की मला तो माणूस दिसला. भावाच्या चेहऱ्याचं, आवाजाचं असं एकही वर्णन पत्रात नाही.

यात तुमचा दोष नाही. सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली सत्ता आणि लक्ष यांच्या संबंधाबद्दल मांडणी केली होती. ज्याचं भवितव्य दुसऱ्याच्या हातात असतं, तो त्या दुसऱ्याला न्याहाळत राहतो. ज्याच्या हातात ते असतं, त्याला खालच्यांकडे इतकं बघण्याची गरज पडत नाही. साहेबांचा आजचा मूड कसा आहे हे दारातून आत येतानाच ओळखणं तुमच्यासाठी उपयोगाचं होतं. तुमचा मूड ओळखण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. धाकानं माणूस फार चांगला विद्यार्थी होतो. काय शिकतोय हे मात्र त्याला विचारून ठरत नाही.

आणि ती नक्कल! मित्रांसमोर तुम्ही साहेब करून दाखवायचात आणि सगळे हसायचे. हसण्याची दाद मिळत होती म्हणून पुन्हा पुन्हा करून दाखवायचात, आवाज जमेपर्यंत, थांबा जमेपर्यंत. तुमच्या दृष्टीनं ती खिल्ली होती. तुमच्या जिभेच्या दृष्टीनं ती तालीम होती. जिभेला उपरोध कळत नाही. ती शब्द, पट्टी आणि वेळ एवढंच साठवून ठेवते. पुढे समोर कुणीतरी चाचपडत बोलू लागलं, की त्या प्रसंगासाठी तयार असलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडतं.

ही उचल किती नकळत होते, याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. तान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ग या दोघांनी तो १९९९ मध्ये प्रकाशित केला. लोकांना एकेका अनोळखी माणसाबरोबर बसवून फोटोंचं वर्णन करण्याचं काम दिलं होतं. तो अनोळखी माणूस संशोधकांचाच होता. एक जण मध्येमध्ये चेहरा चोळायचा, दुसरा पाय हलवायचा. काही मिनिटांत समोरचा माणूसही चेहरा चोळणाऱ्यापुढे चेहरा जास्त चोळू लागला आणि पाय हलवणाऱ्यापुढे पाय जास्त हलवू लागला. नंतर विचारलं तेव्हा कुणाच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. त्यातला तुमच्या कामाचा तपशील असा, की संशोधकांच्या माणसांपैकी एक हसतमुख राहायचा आणि दुसरा मुद्दाम चेहरा कोरा ठेवायचा. लोकांनी त्या कोऱ्या चेहऱ्याच्या माणसाचीही लकब उचलली. शिवाय ज्यांना दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करण्याची सवय जास्त होती, त्यांच्यात ही उचल जास्त दिसली. म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्याचं जे अंग तुमच्यात असावं असं पत्रावरून वाटतं, तेच इथे तुमच्यावर उलटलं असण्याची शक्यता आहे. याला सांत्वन म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपण इतके उचले का, याचं उत्तर थेट बालपणात जातं. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये चिंपांझींच्या पिल्लांना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एक पेटी उघडून दाखवली. आत बक्षीस होतं. उघडताना काही कामाच्या कृती केल्या आणि काही अगदी बिनकामाच्या, म्हणजे वरच्या भोकात उगीचच काठी घालणं वगैरे. पेटी अपारदर्शक होती तेव्हा दोघांनीही सगळ्या कृतींची नक्कल केली. मग पारदर्शक पेटी आणली. वरच्या भोकाचा बक्षिसाशी काहीच संबंध नाही, हे आता डोळ्यांना दिसत होतं. चिंपांझींनी तो भाग गाळला आणि सरळ बक्षीस काढलं. मुलांनी मात्र ती निरुपयोगी काठीही इमानेइतबारे घातली. वाचताना हसू येतं, पण माणसाची भाषा, हत्यारं, रीतभात हे सगळं पिढ्यान् पिढ्या टिकलं ते याच खोडीमुळे. ‘हे का करायचं’ हे कळायची वाट न बघता आपण मोठ्यांचं आधी उचलतो आणि कारण कळलं तर नंतर कळतं. पुष्कळदा कळतच नाही.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण तुम्हाला एव्हाना आठवलीच असेल. म्हण खरी आहे, पण पवळ्याच्या बाबतीत ती जरा मवाळ आहे. तिच्यात तो नुसता बांधलेला असतो. माणूस नुसता बांधलेला नसतो. तो बघतो, मान डोलावतो, साहेबांच्या विनोदाला हसतो, त्यांच्यासारखं वागल्यावर शाबासकी मिळवतो आणि ती शाबासकी घरी येऊन सांगतोही. तुम्हालाही ती मिळाली असेल. लांबणारी मीटिंग तुम्ही दोन शब्दांत आटोपलीत आणि साहेबांनी मान हलवली, असा एखादा दिवस आठवून बघा. माझा अंदाज आहे, की तो दिवस तुम्हाला बराच आवडला होता.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते. सूर आला, ठीक. नजर कशी आली?

मूल्यं आपल्याला कुणी बसवून शिकवत नाही. निदान जी खोल रुजतात ती तरी नाहीत. ‘माणसापेक्षा निष्कर्ष मोठा’ असं तुमच्या साहेबांनी कधी भाषण केलं नसेल. केलं असतं तर तुम्ही वाद घातला असता, निदान मनातल्या मनात. पण ‘मुद्दा काय?’ या प्रश्नात तो हिशेब आधीच मांडून ठेवलेला आहे: तुझ्या बोलण्याची किंमत त्याच्या शेवटच्या वाक्याइतकी, बाकीचं सगळं वजा. हा प्रश्न रोज ऐकला की आपण बोलताना सुरुवात, संकोच, पार्श्वभूमी हे सगळं कापून शेवट आधी सांगायला शिकतो. मग दुसऱ्याचं ऐकतानाही फक्त शेवटाचीच वाट बघतो. तिथं नजर बदलते. नवं मत पटलं म्हणून ती बदललेली नसते. कशाला वेळ द्यायचा आणि कशाला नाही, याचं माप हातात आलेलं असतं आणि आपण त्या मापानं सगळ्यांनाच मोजू लागतो, भावालासुद्धा. कार्यालयात कोण कशावर हसतं, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं तरी चालतं, कुणाच्या आजारपणाची चौकशी होते आणि कुणाच्या होत नाही, ही खरी शिकवणी असते. तिची वही कुठेच नसते. तुमची तक्रार ‘ते चिडके आहेत’ एवढीच असती, तर मी इतकं लांबण लावलं नसतं. चिडकेपणा दिसतो म्हणून त्याला विरोध करता येतो. हसत विचारलेल्या प्रश्नातली किंमत दिसत नाही.

या मापाबद्दल एक जुना प्रयोग सांगते, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. मुझफ्फर शेरीफ यांचा तो १९३५ चा प्रयोग. अगदी काळोख्या खोलीत एक बारीक स्थिर दिवा दाखवला, तर तो हलल्यासारखा वाटतो. हा डोळ्यांचा भ्रम. किती हलला, असं एकट्याला विचारलं की प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. दोघातिघांना एकत्र बसवून मोठ्यानं आकडे सांगायला लावले, की हळूहळू सगळे एका आकड्याजवळ सरकतात. कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही, वादही होत नाही. पुढचा भाग महत्त्वाचा आहे: नंतर त्याच माणसांना पुन्हा एकेकटं बसवलं, तरी ती गटाचाच आकडा धरून राहिली. खोलीत कुणी नव्हतं. माप मात्र बरोबर आलं होतं.

जेकब्ज आणि कॅम्पबेल या जोडीनं १९६१ मध्ये हीच युक्ती पुढे नेली. त्यांनी गटात आपली माणसं घुसवून आकडा मुद्दाम फुगवला आणि मग एकेक माणूस बदलत गेले. फुगवणारा शेवटचा माणूस निघून गेल्यावरही तो खोटा आकडा चार-पाच पिढ्या रेंगाळला. आता गटात बसलेल्यांपैकी कुणीच तो सुरू करणाऱ्याला पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे तुमच्या साहेबांवर फार रागावू नका. पेन आडवं ठेवणारा कुणीतरी त्यांनीही कधीकाळी धडधडत्या छातीनं पाहिलेला असू शकतो.

‘पण मला इतका काळ कळलं कसं नाही?’ असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, तरी पत्रभर ते जाणवतं. कळत नाहीच. जेसिका नोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरांचा वीजबचतीबाबत अभ्यास केला. वीज का वाचवता, असं विचारल्यावर लोक म्हणाले, पर्यावरणासाठी, समाजासाठी, पैशांसाठी. ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण त्यांनी सगळ्यांत खाली टाकलं. प्रत्यक्षात त्यांच्या वागण्याशी सगळ्यांत घट्ट नातं होतं ते ‘शेजारी किती वाचवतात’ या त्यांच्या समजुतीचं. आपल्यावर इतरांचा परिणाम होतो हे आपण तत्त्व म्हणून मान्य करतो, फक्त तो इतरांवर होतो असं धरतो. म्हणून इथे स्वतःच्या मनाची साक्ष कामाची नाही. तुम्हाला भावानं सांगितलं म्हणून कळलं. तसं सांगणारी माणसं फार नसतात आणि एकदा गप्प बसवली की ती पुन्हा सांगत नाहीत.

आता थोडं कडू बोलते. सगळं साहेबांच्या खात्यावर टाकू नका.

नवरा-बायको बरीच वर्षं एकत्र राहिली की चेहऱ्यानंही सारखी दिसू लागतात, असं आपण ऐकतो. रॉबर्ट झायन्स यांच्या १९८७ च्या एका लहानशा अभ्यासानं त्याला बळ दिलं होतं. २०२० मध्ये खूप जास्त जोडप्यांचे तरुणपणीचे आणि नंतरचे फोटो घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा निघालं ते असं: जोडपी सारखी दिसतात खरी, पण ती सुरुवातीपासूनच, वर्षं जातील तसं साम्य वाढत नाही. म्हणजे आपल्यासारखा माणूस आपण आधीच निवडलेला असतो आणि नंतर श्रेय सहवासाला देतो. तुम्ही या साहेबांच्या हाताखाली इतकी वर्षं टिकलात. बरेच जण टिकले नसतील. त्यांनाही तुमच्यात काहीतरी आपलं वाटलं असेल. ‘तू असा नव्हतास’ हे भावानं दुखावून म्हटलेलं वाक्य आहे, दाखला नव्हे. शांत झाल्यावर त्यालाच विचारा, लहानपणी तो रडत काही सांगायला आला की तुम्ही काय करायचात. उत्तर कदाचित आवडणार नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक निघतो. लकबी, शब्द, मापं चटकन बदलतात. मुळातला उतावळेपणा किंवा सोशिकपणा सहसा इतक्या लवकर नाही. साहेबांनी तुमच्यात उतावळेपणा घातला नसेल. त्यांनी त्याला रुबाबदार भाषा दिली असेल आणि त्यात काही चुकीचं नाही, अशी खात्रीही.

‘माझ्यात माझं असं काही उरलंय का’ या प्रश्नावर मला हेलन केलर आठवतात. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या या मुलीनं वयाच्या अकराव्या वर्षी एक गोष्ट लिहून आपल्या शाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापली गेली, वाखाणली गेली आणि मग लक्षात आलं, की मार्गारेट कॅन्बी नावाच्या लेखिकेच्या जुन्या गोष्टीशी ती विलक्षण जुळते. ती गोष्ट तिला कधीतरी हातावर अक्षरं काढून वाचून दाखवली गेली असावी. तिला त्याची काहीही आठवण नव्हती. १८९२ मध्ये शाळेतल्या मोठ्या माणसांनी त्या पोरीला समोर बसवून चक्क चौकशी केली. पुढे बराच काळ तिला स्वतःच्या वाक्यांचीच भीती बसली. आईला साधं पत्र लिहितानाही ती एकेक वाक्य पुन्हा पुन्हा तपासायची, की हे मी कुठे वाचलेलं तर नाही ना.

तुमचं आता तेच चाललंय असं मला वाटतं. एकेक शब्द उलटून बघायचा, हा माझा की त्यांचा. ही तपासणी कधी संपणार नाही, कारण उलटत गेलात तर साहेबांच्या आधीचा एखादा शिक्षक निघेल, त्याच्याआधी वडील, त्यांच्याआधी आजी. कुणाचाच स्पर्श न झालेला माणूस खाली कुठेतरी सापडेल, ही आशा सोडा. केलरबाईंनी लिहिणं सोडलं नाही. १९०३ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं आणि त्यात त्यांनी हा सगळा प्रसंग स्वतःच उघड लिहिला.

तुम्ही एक वेगळी यादी करा. साहेबांकडून आलेलं काय चांगलं आहे? तुम्हीच लिहिलंय, की माणूस कामाला पक्का आहे, अभ्यास दांडगा आहे. मग कागद पूर्ण वाचल्याशिवाय मीटिंगला न जाणं, पोकळ स्तुती न करणं, आकडा माहीत नसेल तर अंदाजानं न ठोकणं यातलं काही तुमच्यात त्यांच्याकडूनच आलं असणार. त्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. आपण सगळेच हे करतो: चांगलं ते मी कमावलेलं, वाईट ते मला लागलेलं. दोन्ही एकाच दारानं आलंय हे मान्य केलंत, की निवड करायला मोकळे व्हाल. एखादी सवय कुणाची, हे विचारण्यापेक्षा भावासमोर, हाताखालच्या पोरांसमोर ‘हो, मी असा आहे आणि मला असंच राहायचंय’ असं उघड म्हणता येईल का, ते बघा. म्हणता येईल ते तुमचं.

जे म्हणता येणार नाही, ते घालवायचं कसं? ‘मुद्दा काय’ म्हणायचं नाही, अशी शपथ मात्र घेऊ नका. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल वारंवार मनात आलं आणि बंदी उठल्यावर तर जास्तच आलं. त्याच जागी दुसरं वाक्य बसवा. समोरचा अडखळला की ‘सांग, ऐकतोय मी.’ सुरुवातीला ते खोटं वाटेल, नाटकी वाटेल. वाटू द्या. जुनंही नाटक करतच आलं होतं, मित्रांसमोर.

आणि एक माणूस शोधा. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे जे प्रयोग केले, त्यात बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. त्यांच्यापुढे एकट्या पडलेल्या माणसाची उत्तरं साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्याकडे झुकली. डोळ्यांना धडधडीत वेगळं दिसत असतानाही. पण खरं उत्तर देणारा एकच जण सोबतीला दिला, की ती चूक चौथ्या हिश्शावर आली. बंडखोर मंडळ लागत नाही, एक जण पुरतो. मीटिंगनंतर ज्याच्यापाशी ‘आज ते बोलले ते मला बरोबर वाटलं नाही’ एवढं म्हणता येईल, असा सहकारी असेल तर त्याच्याबरोबर चहाला जात जा. एक पथ्य पाळा: साहेबांची नक्कल करायची नाही. तेवढं मात्र बंद.

अजून एक गोष्ट, पटकन सांगते. तुमच्या हाताखालीही कुणी असेल. त्याचं लक्ष आत्ता तुमच्याकडे आहे, तुम्ही पेन कुठे ठेवता इथपर्यंत. तुमच्यासमोर मोकळेपणानं अर्धवट विचार मांडणारा त्यातला शेवटचा माणूस कोण होता आणि कधी, हे आठवून बघा. आठवत नसेल तर भावाच्या आधी तिथं काम आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. नुसती खोली सोडून माप सुटत नाही, हे शेरीफनी दाखवलंच. तरी मी ‘सोडू नका’ म्हणणार नाही. थिओडोर न्यूकोम्ब यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बेनिंग्टन कॉलेजातल्या मुलींचा अभ्यास केला होता. बहुतेकींची घरं सनातनी राजकीय मतांची. कॉलेजचं वातावरण त्याच्या उलट. शिकता शिकता बऱ्याच जणी बदलल्या. ज्यांचा जीव घरात किंवा आपल्याच छोट्या कंपूत गुंतलेला राहिला, त्या फारशा बदलल्या नाहीत. एकाच कॉलेजात राहूनही आपण कुणाकडे बघत राहतो, यावर गोष्ट ठरली. १९६० च्या दशकात न्यूकोम्ब पुन्हा त्या बायकांकडे गेले, तेव्हा बहुतेकींची बदललेली मतं टिकली होती. आणि नवरा, मैत्रिणी, गोतावळा असा मिळाला होता की ती मतं रोज खपून जावीत.

म्हणून सोडण्याआधी कुठे जाताय ते बघा. इथेच राहून लक्ष दुसरीकडे वळवता येत असेल, दुसऱ्या विभागात, दुसऱ्या वरिष्ठांकडे, तर आधी ते करून बघा. नोकरी सोडणं भावाच्या फोनइतकं तातडीचं नाही. पण नव्या जागी मुलाखतीला गेलातच, तर पद आणि पगार विचाराल ते विचाराच. जमलं तर त्यांच्या रोजच्या एखाद्या मीटिंगमध्ये मागे बसू द्या म्हणा आणि तिथला सगळ्यांत नवा माणूस बोलायला लागला की बाकीचे काय करतात, ते बघा.